चिंचगुंडीची तार आणि सिपची जोडणी : एकाच दुव्यावरून दोन्ही दिशांचे निरोप

(दीर्घ धागा)

१/
२९ एप्रिल १८५८ ची रात्र. अहेरीजवळ, प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या माणसांची छावणी पडलेली होती. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके आणि आडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव यांच्या माणसांनी त्या छावणीवर छापा घातला. गार्टलँड आणि हॉल हे तारखात्याचे दोन इंग्रज मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला.

२/
मित्रहो, आजचा धागा या रात्रीपासून निघतो आणि जून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अत्यंत कोरड्या तांत्रिक दस्तऐवजापाशी पोचतो. दोहोंच्या मध्ये दीडशे वर्षांचे अंतर आहे. परंतु प्रश्नांचे घराणे एकच. दूरच्या ठिकाणापर्यंत दुवा जोडणे महाग असते. मग एकदा जोडलेल्या दुव्यावरून उलट दिशेचाही निरोप पाठवावा, की त्यासाठी दुसरा दुवा जोडावा? आणि उलट दिशेने निरोप सोडताना, पलीकडे कोण बसले आहे याची खात्री कशी करावी?

३/
आधी चांद्याचे पुढचे हकीकतवजा दोन शब्द. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये कंपनीने खालसा केले, त्याबरोबर चांदा इंग्रजी अंमलाखाली आला. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिचटन याने बंडाचा पाठलाग केला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साह्याने बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यांना फाशी दिले गेले. व्यंकटराव बस्तरात निघून गेले, पण १८६० मध्ये तेही हाती लागले आणि जन्मठेपेवर गेले. बाबुरावांची फाशी आपल्याकडे आठवली जाते. छाप्यात मेलेली माणसे तारेची होती, हा तपशील मात्र बहुधा एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते तो एका ओळीचा तपशील नव्हे. १८५७ च्या धामधुमीत तारेने काय करून दाखवले ते हिंदुस्थानात सर्वांनी पाहिले होते. फौजेआधी हुकूम पोचतो, हे जंगलातल्या जमीनदारांनाही कळलेले असणारच.

४/
आता प्राणहितेच्या प्रवाहाबरोबर खाली सिरोंच्याला येऊ. गडचिरोलीहून सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेस, प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचे हे गाव. १८६० मध्ये गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके निजामाकडून इंग्रजांकडे आले आणि 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा उभा राहिला. त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा! आज तालुक्याचे गाव म्हणून ओळखले जाणारे सिरोंचा तेव्हा जिल्ह्याचे ठाणे होते. याच काळात सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेप्रमाणे गोदावरी नौकानयनासाठी खुली करण्याचे काम चालू होते. वऱ्हाड-नागपूरचा कापूस पूर्व किनाऱ्यावर न्यायचा, तर नवा रस्ता कशाला? नदी आहेच, तिच्यातल्या खडकाळ धावा तेवढ्या ओलांडायच्या. पण खडक हटवणे हिशेबात बसेना. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरास पोचली, कापसाला दुसरी वाट मिळाली, १८७१ मध्ये नदीचे काम थांबले आणि १८७४ मध्ये जिल्हाही मोडला. सिरोंचा चांदा जिल्ह्याचा तालुका झाला. (२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाल्यावर तो गडचिरोलीत आला.)

५/
असलेल्या वाटेचा दुहेरी उपयोग करण्याची कल्पना नदीवर फसली. तारेवर मात्र ती उत्तम साधली. पहिली युक्ती श्टाइनहाइल या जर्मन संशोधकाची, १८३८ ची : विद्युत्प्रवाह परत आणण्यासाठी दुसरी तार नको, जमीनच परतीची वाट होऊ शकते. तांब्या-लोखंडाचा खर्च अर्ध्यावर आला. दुसरी युक्ती 'डुप्लेक्स'ची. एकाच तारेवरून एकाच वेळी दोन्ही दिशांना संदेश! व्हिएन्नात गिंट्ल याने १८५३ मध्ये ती दाखवली, अमेरिकेत स्टर्न्स याने १८७२ मध्ये व्यवहारात आणली, आणि दोनच वर्षांनी एडिसनने एका तारेवर चार संदेश नेले. हिंदुस्थानच्या तारखात्यातील लुई श्वेंडलर या विद्युत्तज्ज्ञाने डुप्लेक्सचा सिद्धांत १८७४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडला.

६/
डुप्लेक्समध्ये खरी अडचण कोणती होती? आपणच पाठवलेल्या प्रवाहाने आपलेच यंत्र खडखडायचे. समोरून आलेले कोणते आणि आपले कोणते, हे वेगळे काढता यावे म्हणून तारेच्या गुणधर्माची हुबेहूब नक्कल करणारी 'कृत्रिम तार' केंद्रात बसवावी लागे. ओळखीची अडचण मात्र तारबाबूंना फारशी जाणवली नाही. किल्ली दाबण्याच्या लकबीवरून पलीकडचा माणूस कोण हे ते सांगू शकत. मराठीत जसे 'हस्ताक्षर', तसा हा 'हात'. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे यंत्रे यंत्रांशी बोलू लागली तेव्हा हा हात नाहीसा झाला.

७/
टेलिफोनच्या शंभर वर्षांवरून झरझर जाऊ. जुन्या पद्धतीत कॉल जोडण्याचे संकेत आणि बोलणे एकाच मार्गाने जात. पलीकडचा फोन 'बिझी' असला तरी तेवढे कळवण्यासाठी मुंबई-दिल्लीची अख्खी वाहिनी अडून राहायची. १९७६ पासून अमेरिकेत आणि १९८० नंतर 'सिग्नलिंग सिस्टीम नं. ७' या नावाने जगभर संकेत वेगळ्या, सामायिक दुव्यावर काढले गेले. दोन केंद्रांमधला हा दुवा सतत जिवंत असे. हजारो कॉलचे संकेत त्यावरून दोन्ही दिशांना धावत. म्हणजे टेलिफोनवाल्यांनी हा प्रश्न सोडवून टाकला होता. इंटरनेटवाल्यांना तो पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागला, याचे मला नेहमी थोडे हसू येते.

८/
इंटरनेट. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह चार महानगरांत ते सामान्यांसाठी खुले केले. इंटरनेटवरून आवाज नेणे तंत्रदृष्ट्या शक्य होते, पण १९९९ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने त्यास तूर्त परवानगी नाही असे स्पष्ट म्हटले. परदेशी कॉलचे उत्पन्न बुडण्याची ती भीती होती. १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली. संगणकावरून परदेशी फोन लावता येऊ लागला. देशातल्या देशात साध्या फोनवर मात्र नाही.

९/
नेमक्या त्याच वर्षी जूनमध्ये इंटरनेट टेलिफोनीची संहिता नव्याने सिद्ध झाली. 'सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल', म्हणजे सिप. पहिली आवृत्ती मार्च १९९९ ची, आरएफसी २५४३. दुसरी आणि आजवर पायाभूत मानली जाणारी, जून २००२ ची आरएफसी ३२६१. कोलंबिया विद्यापीठाचे हेनिंग शुल्झरिन हे तिच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक. सिप आवाज वाहत नाही. तो फक्त संकेत वाहतो. 'अमुक बोलावत आहे', 'घंटा वाजते आहे', 'उचलला', 'ठेवला'. हे सारे साध्या वाचता येणाऱ्या मजकुरात, पत्राच्या लिफाफ्यावर पत्ता लिहावा तसे.

१०/
सुरुवातीला हे लिफाफे बहुतकरून यूडीपी या वाहकाने जात. यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड : टाकले पेटीत, संपले. तेथे जोडणीच नाही, मग ती पुन्हा वापरण्याचा प्रश्नही नाही. पण संदेश मोठे होऊ लागले. साधारण १३०० बाइटांपुढचा संदेश टीसीपीने पाठवावा असा नियमच आरएफसी ३२६१ मध्ये होता. गुप्ततेसाठी टीसीपीवर टीएलएसचे कवच चढवणे आले. टीसीपी आणि टीएलएस म्हणजे पोस्टकार्ड नव्हे. आधी दोघांनी हात मिळवायचे, ओळख पटवायची, किल्ल्या ठरवायच्या, मग बोलायचे. येथे जोडणी महाग झाली.

११/
आता प्रश्नाचा गाभा. तो समजण्यासाठी पुन्हा सिरोंच्याच्या घाटावर उभे राहू. समोर गोदावरी, पलीकडे तेलंगणातले कालेश्वरम. नदीवर पूल झाला तो या शतकाच्या दुसऱ्या दशकात. त्याआधी पिढ्यान्पिढ्या माणसे नावेनेच पार होत. (कालेश्वरच्या मंदिरात एकाच शाळुंकेत दोन शिवलिंगे आहेत. या धाग्यापुरते ते विसरणे मला जमत नाही.)

समजा, सिरोंच्याची नाव निरोप घेऊन कालेश्वरला गेली. निरोपाचे उत्तर त्याच नावेतून परत येईल. तेवढे आरएफसी ३२६१ मध्ये होते. पण कालेश्वरला सिरोंच्यास स्वतःचा नवा निरोप धाडायचा असेल तर? समोर रिकामी नाव उभी आहे, नावाडी विडी ओढतो आहे. तरी नियमाप्रमाणे कालेश्वरने आपली दुसरी नाव पाण्यात लोटायची.

१२/
हा नियम वेडगळ वाटतो, पण त्याला कारण होते. सिपचा सर्व्हर ठरलेल्या दारावर वाट पाहतो : साध्या जोडणीसाठी ५०६०, टीएलएससाठी ५०६१. हे त्याचे जाहीर घाट. पण तो स्वतः दुसऱ्याकडे जोडणी करतो तेव्हा निघतो एखाद्या तात्पुरत्या दारातून, ४९१५२ च्या पुढचा कोणताही आकडा. कालेश्वरच्या सर्व्हरला 'सिरोंचा, दार ५०६१' येथे निरोप पाठवायचा आहे. त्याच्यासमोर जी जोडणी उघडी आहे ती 'सिरोंचा, दार ५१ हजार काही' अशी दिसते. दोन्ही एकच आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नाही. म्हणून तो प्रामाणिकपणे दुसरी जोडणी उघडतो.

१३/
परिणाम मोजून पाहा. परस्परांशी बोलणारे दहा सर्व्हर असतील तर प्रत्येक जोडीसाठी एक जोडणी पुरली असती : पंचेचाळीस. दोन्ही दिशांना वेगळी म्हटल्यावर नव्वद. आणि टीएलएसची प्रत्येक जोडणी म्हणजे प्रमाणपत्रांची देवघेव आणि किल्ल्यांचे जड गणित. ज्या सर्व्हरने कॉल जोडायचे तो हस्तांदोलनातच दमतो.

१४/
शहरातल्या तारेवर हे पचून जाते. सिरोंच्यासारख्या ठिकाणी, जेथे तार पोचत नाही आणि उपग्रहाचा आधार घ्यावा लागतो, तेथे हिशेब निराळा. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली यायला प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ पाव सेकंद. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. टीसीपीच्या ओळखीला अशी एक फेरी, त्या काळच्या टीएलएसला आणखी दोन. म्हणजे 'फोन आला आहे' एवढे सांगण्याआधीच सुमारे दीड सेकंद गेला. जोडणी आधीच उघडी असेल, तर हा सारा वेळ वाचतो. (२०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ ने एक फेरी कमी केली. उपग्रह मात्र जवळ आला नाही.) दवाखान्यातून रुग्णवाहिका बोलावणाऱ्यास ही शांतता फार लांब वाटते, आणि तो फोन ठेवून पुन्हा लावतो. म्हणजे भार आणखी वाढतो.

१५/
उपाय ऐकायला सोपा. नाव पाठवतानाच नावाड्याच्या हाती चिठ्ठी द्यायची : 'ही नाव सिरोंचा घाटाचीच समजा, आमच्यासाठी काही असेल तर हिच्यातूनच पाठवा.' सिपच्या लिफाफ्यावर 'व्हाया' नावाची ओळ असते, ज्यातून संदेश कोणकोणत्या ठाण्यांवरून आला ते कळते. त्या ओळीत 'एलियास' हा एक शब्द जोडायचा. तो वाचून समोरचा सर्व्हर आपल्या वहीत नोंद करतो : अमुक पत्ता, अमुक दार म्हणजे ही उघडी जोडणी. पुढे त्या पत्त्याकडे काही पाठवायचे झाले की आधी वही पाहायची. शब्द नसेल तर नोंद नाही, आणि परतीचा वापरही नाही. म्हणजे संमती जोडणी उघडणाऱ्याची.

१६/
एवढ्यासाठी किती वर्षे लागावीत? आरएफसी ३२६१ जून २००२ ची. परतीच्या वापराचा नियम सांगणारी आरएफसी ५९२३ प्रसिद्ध झाली जून २०१० मध्ये. बेल लॅब्जचे विजय गुरबानी यांच्यासह रोहन माही आणि ब्रेट टेट हे तिचे लेखक. मधली आठ वर्षे. त्यांतले मसुदे चाळताना दिसते की शब्द सापडणे अवघड नव्हते. अवघड होते ते निराळेच.

१७/
चिठ्ठी कोणीही लिहू शकतो. एखाद्या भामट्याने कालेश्वरच्या घाटाला नाव लावली आणि 'मी सिरोंच्याचा' म्हणून चिठ्ठी दिली, तर? वहीत नोंद होईल, आणि त्यानंतर सिरोंच्यासाठी निघालेला प्रत्येक निरोप भामट्याच्या नावेत चढेल. जुन्या, खर्चिक नियमात हा धोका कमी होता. कारण कालेश्वरची नाव स्वतः जाहीर घाटापर्यंत जाऊन निरोप देत असे. दुसरी जोडणी ही नुसती उधळपट्टी नव्हती, नकळत ती पडताळणीही होती. ती काढून टाकायची तर पडताळणी दुसरीकडून आणावी लागणार.

१८/
म्हणून आरएफसी ५९२३ ने साध्या टीसीपीला ही सवलत दिलीच नाही. टीएलएस हवे, आणि तेही दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्र दाखवून. ब्राउझरमध्ये आपण बँकेचे संकेतस्थळ उघडतो तेव्हा फक्त बँक आपले प्रमाणपत्र दाखवते. येथे येणाऱ्यानेही दाखवायचे. चिठ्ठीतले नाव आणि प्रमाणपत्रातले नाव जुळले तरच वहीत नोंद. तारबाबूचा 'हात' हरवला होता, त्याची जागा गणिती सहीने घेतली असे म्हणता येईल. फरक इतकाच की हात नकलवता येई, ही सही नकलवणे फार कठीण.

१९/
यातली एक खोच मला विशेष आवडते. एकाच यंत्रावर अनेक संस्थांचे सर्व्हर नांदत असतात. पत्ता एक, दार एक, नावे वेगवेगळी. एकाच वाड्यात चार बिऱ्हाडे. मग 'पत्ता जुळला' एवढ्यावर जोडणी पुन्हा वापरली, तर एका बिऱ्हाडाचा निरोप दुसऱ्याच्या हाती पडेल. त्यामुळे परतीचा संदेश सोडण्यापूर्वी पत्त्याबरोबर ओळखही तपासावी लागते : या जोडणीवर ज्याने प्रमाणपत्र दाखवले, तोच मला हवा आहे का? डुप्लेक्सच्या काळी 'आपले कोणते आणि परके कोणते' हे प्रवाहापुरते वेगळे करायचे होते. आता नावांपुरते.

२०/
गोंधळ होऊ नये म्हणून एक खुलासा. ही व्यवस्था सर्व्हर-सर्व्हरमधली. आपल्या घरच्या फोनचा किंवा संगणकाचा प्रश्न याच्या उलट असतो : तो राउटरच्या आड लपलेला, त्याच्यापर्यंत बाहेरून नवी जोडणी करताच येत नाही. त्याच्याकडे प्रमाणपत्रही नसते. त्याने स्वतः उघडलेली जोडणी जिवंत ठेवून येणारे कॉल तिच्यावरूनच आणायचे, हा नियम आरएफसी ५६२६ ने ऑक्टोबर २००९ मध्ये सांगितला. तेथे परतीचा वापर ही काटकसर नाही. तीच एकमेव वाट आहे.

२१/
हे सारे प्रयोगशाळेतले वाटत असेल तर आपल्या खिशातला फोन काढा. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, तिच्यात बोलण्यासाठी जुने टेलिफोनी जाळे नव्हतेच. आवाजही इंटरनेटच्या पाकिटांतून. चौथ्या पिढीच्या जाळ्यावरचा प्रत्येक कॉल सिपच्या संकेतांनी जोडला जातो. मोबाइल कंपन्या फोन आणि पहिला सर्व्हर यांच्यातला दुवा वेगळ्या पद्धतीने सुरक्षित करतात, म्हणून आरएफसी ५९२३ तेथे जशीच्या तशी लागू पडत नाही. पण भाषा तीच, लिफाफा तोच, 'व्हाया'ची ओळ तीच.

२२/
आणि सिरोंचा? नक्षलग्रस्त भागांत मोबाइल मनोरे उभारण्याची केंद्राची योजना २०१४ मध्ये मंजूर झाली. गडचिरोली त्यात होता. हे मनोरे दुसऱ्या पिढीचे : बोलणे होई, इंटरनेट नावापुरते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दहा राज्यांतली अशी २,३४३ ठिकाणे चौथ्या पिढीवर नेण्यास मान्यता दिली. काम भारत संचार निगमाकडे. ठिकाणे तीच ठेवायची आणि यंत्रणा बदलायची, असा तो निर्णय.

२३/
तेव्हा प्राणहितेच्या काठी एखाद्या गावात उद्या फोनची घंटा वाजेल, तेव्हा त्याआधी सिपचा एक लिफाफा तेथे पोचलेला असेल. चिंचगुंडीपासून तो मनोरा फार दूर नसेल. आरएफसी ५९२३ च्या वहीबद्दल एक शेवटचा तपशील सांगायचा राहिला : जोडणी तुटली की तिच्यावरची नोंद पुसली जाते. पुन्हा जोडायची तर प्रमाणपत्र पुन्हा दाखवायचे, चिठ्ठी पुन्हा द्यायची. कालची ओळख आज चालत नाही.